फेदर हाय-स्टेनलेस: धार अव्वल, पण हात हलका हवा

दुधारी सेफ्टी रेझरमध्ये घालायच्या फेदरच्या पात्याबद्दल दोनच मतं कानावर येतात. कुणी म्हणतं ‘लोण्यासारखं चालतं’, कुणी म्हणतं ‘गाल सोलून निघाला’. दोन्ही खरी आहेत. पातं तेच असतं, रेझर आणि हात बदललेले असतात.

जपानमधल्या सेकी गावात 1932 साली सुरू झालेली फेदर कंपनी शस्त्रक्रियेची पातीही बनवते. सेकी पूर्वापार तलवारींसाठी प्रसिद्ध, त्यामुळे या ब्लेडच्या कौतुकात सामुराई हमखास येतात. त्याकडे दुर्लक्ष करावं. दाढीचं पातं म्हणजे 0.1 मिमी जाडीची पोलादी पट्टी. सुमारे 13 टक्के क्रोमियमचं हे पोलाद भट्टीत कडक करतात, अधिकाधिक बारीक चाकांवर घासतात आणि शेवटी चामड्यावर फिरवतात. तयार धारेच्या टोकाची गोलाई फार तर काही दहा नॅनोमीटर भरते; नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.

नुसती अशी धार गालाला लावली तर ती केसात अडकते आणि ओढते. म्हणून तिच्यावर आधी प्लॅटिनमयुक्त कठीण थर देतात आणि त्यावर टेफ्लॉनचा अतिपातळ लेप भाजतात. टेफ्लॉन 327 अंशांना वितळतं, म्हणजे भाजणी त्याहून तापलेल्या भट्टीत होते. तेवढ्या उष्णतेत साधं कार्बन पोलाद मऊ पडतं, स्टेनलेस तग धरतं. लेपामुळे टोक किंचित बोथट होतं, तरी घर्षण इतकं घटतं की केस कापायला एकूण जोर कमीच लागतो. मऊ दाढीचं खरं गुपित या लेपात आहे. पहिल्या काही फटकाऱ्यांत टोकावरचा जादा लेप मागे सरतो. दुसरी दाढी पहिलीपेक्षा गुळगुळीत झाल्यासारखी वाटते ती बहुधा त्यामुळे.

फेदरची धार बाजारातल्या बहुतेक पात्यांपेक्षा तीक्ष्ण आहे. केस पहिल्याच फटक्यात तुटतो, तीच जागा पुन्हा खरवडावी लागत नाही, त्यामुळे आग कमी. मात्र स्वस्त कार्ट्रिजवर (डोकं बदलायच्या रेझरवर) दाब द्यायची सवय झालेला हात इथे नडतो. तोच दाब फेदरवर दिला की केसाबरोबर कातडीचा वरचा थरही निघतो.

रेझर निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात: पात्याखालची फट आणि पात्याचं बाहेर डोकावणं. दोन्ही कमी असतील तर रेझर मवाळ. फेदरचाच एएस-डी2 किंवा जुना जिलेट टेक यांत हे पातं शोभतं. म्युलेच्या आर41 सारख्या आक्रमक रेझरमध्ये ते नवख्याने घालूच नये. पातं बसवल्यावर दोन्ही कडा सारख्या दिसतात का ते उजेडात पाहा. एक बाजू जास्त बाहेर आली की तीच बाजू कापते, आणि शिव्या ब्लेडला बसतात.

दाढी दोन-तीन मिनिटं कोमट पाण्याने नीट भिजू द्यावी, कारण भिजलेला केस बराच सहज कापला जातो. बोअरच्या जड पाण्यात साबण फुटतो आणि फेस टिकत नाही. तिथे फेसापुरतं तरी आरओ फिल्टरचं पाणी घ्यावं. दांडा असा धरावा की पातं कातडीशी साधारण 30 अंशांत राहील, आणि रेझरचं वजन सोडून वेगळा दाब देऊ नये. आधी केसांच्या कलाने, मग आडवं. उलटा हात मारायचाच तर पुन्हा फेस लावून, आणि गळ्याखाली शक्यतो नकोच. शेवटी ओली तुरटी फिरवावी. जिथे चरचरेल तिथे दाब जास्त झाला, हे लगेच कळतं.

टिकाऊपणात मात्र फेदर मागे पडतं. राठ दाढीवर तीन, फार तर चार वेळा, मग एकदम ओढायला लागतं. केसापेक्षा पन्नास पट कठीण पोलाद केसानेच कसं बिघडतं, हे एमआयटीच्या संशोधकांनी 2020 मध्ये दाखवलं. केस तिरका वाकतो आणि पोलादातल्या एखाद्या कमकुवत जागेशी जोर एकवटतो, तेव्हा धारेचा टवका उडतो. धार झिजायची वाट पाहत नाही, तुटते. तेव्हा केस कमी वाकावा म्हणून कातडी ताणून धरलेली बरी. टॉवेलने धार पुसणं आणि बेसिनवर रेझर आपटणं, दोन्ही बंद. नळाखाली धुवून झटकलं की पुरे.

रोज दाढी करणाऱ्याने, विशेषतः मऊ केस आणि नाजूक कातडी असेल तर, आपल्याकडे सहज मिळणारं जिलेटचं सेव्हन ओ’क्लॉक सुपर प्लॅटिनम पातं घ्यावं. धार एक पायरी खाली, पण चुका पोटात घालणारी, आणि चालतंही जास्त. फेदर घ्यावं ते दोन-तीन दिवसांची राठ खुंटं एका बैठकीत साफ करायला. आधी एकच पाकीट घ्या, शंभर पात्यांचा डबा नंतर.