लाइटवाला बीएलडीसी फॅन: घ्या, पण आधी रेग्युलेटर काढा

१२०० मिमीचा बीएलडीसी फॅन, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणाऱ्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा. खाली एलईडी दिवा, सोबत रिमोट. वारा भरपूर. साधा जुना फॅन ७५ वॅटच्या आसपास खातो, हा पूर्ण वेगात ३० ते ३५. हेस्कॉमच्या, म्हणजे आपल्या वीज कंपनीच्या बिलात फरक पडतोच. नापसंती आहे ती सोबतच्या माहितीपत्रकावर. बेळगाव भागातल्या शहापूर, खानापूर, निपाणीकडच्या कितीतरी जुन्या घरांत हुकापाशी दोनच वायरी येतात, फेज (वीज आणणारी) आणि न्यूट्रल (परतीची), त्यातली फेज रेग्युलेटरमधून. त्याचं काय करायचं, याबद्दल त्यात एक ओळ आहे, तीही बारीक अक्षरात.

मेन बंद करून बोर्ड उघडा. रेग्युलेटरच्या दोन्ही वायरी सोडवून एकमेकींना कनेक्टरने जोडा आणि रेग्युलेटर काढूनच टाका. ‘फुलवर ठेवला की चालतं’ हे ऐकू नका. घरात कुणीतरी नॉब फिरवतंच, मग फॅनमधल्या सर्किटला तुटक वीज मिळते. दिवा लुकलुकतो, मोटर गुणगुणते, रिमोट दाद देत नाही आणि एक दिवस सर्किट जळतं.

दुसरी तपासणी टेस्टरची. बटण चालू असताना हुकापाशी एकाच वायरीवर टेस्टर पेटायला हवा, बंद केल्यावर एकाहीवर नाही. तरीही पेटला, तर बटण फेजऐवजी न्यूट्रलवर आहे. अशा घरात बंद दिवाही रात्री मंद उजळत राहतो आणि बंद फॅनला हात लावणाऱ्याला शॉक बसू शकतो. बोर्डातच अदलाबदल करून घ्या, मगच जोडणी, तीही पुन्हा मेन पाडून. हिरवी वायर अर्थिंगची. पॉइंटला अर्थिंग नसेल तर ती ओढून घ्या, न्यूट्रलला कधीही जोडू नका.

या मॉडेलमध्ये फॅन आणि दिवा एकाच पुरवठ्यावर, दोन्ही रिमोटवर. भिंतीवर दिव्याचं वेगळं बटण हवं असेल तर दिव्याची वायर वेगळी काढलेला फॅन निवडा आणि पाइपातून १ चौरस मिमीची आणखी एक फेज ओढा. म्हाताऱ्या माणसांच्या खोलीत तोच बरा.

टांगताना हुकावर रबरी बुश, त्यातून बोल्ट, नट आणि स्प्लिट पिन. पिनेची दोन्ही टोकं वाकवायचीच. कौलारू घरात तुळईला नुसता पिळाचा हुक नको, आरपार बोल्ट घाला. दिव्यामुळे वजन वाढतं.

पाती जमिनीपासून २.३ मीटरच्या, म्हणजे सुमारे साडेसात फुटांच्या खाली येता कामा नयेत आणि दिवा त्याहूनही खाली लोंबतो. माळ्याखालच्या ठेंगण्या खोलीसाठी हा फॅन नाहीच. तिथे बिनदिव्याचा फॅन आणि भिंतीवर ट्यूब.