‘मुळे झोपली आहेत’ असे सांगून माझे सात महिने घेतले

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात माझ्या मुलीला माझी वेणी घालताना भांगाच्या उजव्या बाजूला दोन रुपयांच्या नाण्याएवढी उघडी जागा दिसली. तिथे खाज होतीच, शिवाय नुसता कंगवा फिरला तरी दुखत असे आणि दुपारी शाळेतून घरी येईपर्यंत त्या जागेची आग होऊ लागे. नागपुरात तेव्हा पारा 45 अंशांच्या आसपास होता, त्यामुळे हा घामाचा त्रास असेल असे मी धरून चालले आणि त्याच आठवड्यात जाहिरात पाहून शहरातील एका हेअर क्लिनिकमध्ये गेले. प्रकरण आता ग्राहक आयोगापुढे असल्याने त्या क्लिनिकचे नाव मी येथे लिहीत नाही.

पांढरा कोट घातलेल्या एका तरुणीने माझ्या डोक्याला छोटा कॅमेरा लावला, पडद्यावर चट्ट्याचे मोठे चित्र दाखवले आणि म्हणाली, ‘‘ताई, ही चाई आहे. मुळे झोपली आहेत, मेलेली नाहीत. काही टेन्शन नका घेऊ, होऊन जाते.’’ तेच चित्र छापलेला एक कागद तिने मला दिला. वर माझे नाव आणि तारीख, खाली पॅकेजची किंमत. स्वतःच्याच रक्तातून वेगळा काढलेला द्रव टाळूत टोचण्याच्या, म्हणजे पीआरपीच्या, आठ सिटिंग, एक तेल, एक शाम्पू आणि बायोटिनच्या गोळ्या मिळून 72,000 रुपये होत होते. त्यांपैकी 12,000 मी लगेच भरले आणि उरलेल्यांसाठी ‘सोप्या हप्त्यां’च्या कागदावर सही केली. ती सही क्लिनिकच्या हप्त्यांवर नसून एका वित्त कंपनीच्या वैयक्तिक कर्जावर होती, हे मला पुढे कळले. म्हणूनच उपचार थांबवल्यानंतरही माझ्या खात्यातून दरमहा 6,000 रुपये कापले जात राहिले.

तिसऱ्या सिटिंगनंतर आग वाढली, तेव्हा रक्ताभिसरण सुधारल्याची ती खूण आहे असे सांगण्यात आले. पाचवीनंतर शेजारी दोन नवे चट्टे उठले, तेव्हा कमकुवत केस गळून तिथे नवे येतात असे सांगितले. मी दर वेळी डॉक्टरांना भेटायचे म्हणत असे आणि दर वेळी ‘सर ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) आहेत’ हेच उत्तर मिळे. डिसेंबरमध्ये त्यांनी केसांच्या रोपणाचा आणखी मोठा खर्च पुढे केला, आणि तेव्हा शाळेतल्या एका सहकारी बाईंनी मला जवळजवळ ओढतच मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील, त्वचारोग ओपीडीत नेले.

तेथील डॉक्टर मॅडमनी भिंगाच्या उपकरणातून टाळू निरखली आणि जुने काही कागद आहेत का असे विचारले. मी तो छापील कागद दिला. त्यांनी पेनाचे टोक चित्रावर ठेवले आणि दाखवले, की कडेच्या केसांच्या बुडाशी पांढरा पापुद्रा आहे, त्याभोवती जांभळट लाली आहे आणि मधल्या गुळगुळीत, चकचकीत भागात केसांची छिद्रेच उरलेली नाहीत. म्हणजे रोगाच्या खुणा पहिल्याच दिवशी त्यांच्याच कॅमेऱ्याने टिपलेल्या होत्या, आणि त्याच कागदावर त्यांनी मला पॅकेज विकले.

पुढे चट्ट्याच्या कडेवरून, जिथे दाह चालू असतो तिथून, 4 मिलिमीटरचा तुकडा काढून बायोप्सी झाली. निदान आले लायकेन प्लॅनोपायलॅरिस. या आजारात शरीराच्याच प्रतिकारपेशी केसाच्या मुळाच्या वरच्या भागावर हल्ला करतात. नवा केस घडवणाऱ्या मूळपेशी नेमक्या तिथेच असल्यामुळे त्या नष्ट झाल्या, की मुळाच्या जागी व्रणाची ऊती भरते आणि तिथे पुन्हा केस उगवत नाही. चाईत मूळ शाबूत राहते म्हणून केस परत येऊ शकतात. माझ्या आजारात हाती असते ते फक्त पुढची हानी रोखणे. त्यामुळे मला पैशांपेक्षा ते सात महिने गेल्याचे अधिक दुःख आहे, कारण मे महिन्यात नाण्याएवढी असलेली जागा डिसेंबरमध्ये माझ्या तळहाताएवढी झाली होती. दाह धगधगत असताना केलेले रोपण टिकण्याची खात्री नसते, उलट त्याने आजार चेतवला जाऊ शकतो, आणि रोग किमान एक-दोन वर्षे शांत राहिल्याशिवाय त्याचा विचारही करू नये, असे मॅडमनी बजावले.

ज्यांच्या डोक्यावर केस गळण्याबरोबर खाज, आग किंवा दुखरेपणा आहे, किंवा पू भरलेल्या पुळ्या येऊन एकाच छिद्रातून ब्रशसारखे अनेक केस निघत आहेत (हा केसांची मुळे कायमची नष्ट करणाऱ्या याच गटातला दुसरा आजार असू शकतो), त्यांनी कोणतेही पॅकेज घेण्याआधी पात्र त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे, ही माझी कळकळीची विनंती आहे. तपासणारी व्यक्ती नोंदणीकृत डॉक्टर आहे का, हे तोंडावर विचारा. चकचकीत झालेल्या जागेवर केस उगवून देण्याची हमी कोणी देत असेल, तर तिथून उठून या. हप्त्याच्या कागदावर कर्ज कोण देत आहे हे वाचल्याशिवाय सही करू नका.

माझ्यावर आता स्टिरॉइडचे मलम, चट्ट्याच्या कडेला दिली जाणारी इंजेक्शने आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच्या गोळ्या असे उपचार चालू आहेत. या गोळ्यांमुळे डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करून घ्यावी लागते, तीही झाली. आग जवळपास थांबली आहे आणि गेल्या तीन महिन्यांत चट्ट्याची कड पुढे सरकलेली नाही.

जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही, मात्र तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मला पहिली माहिती मिळाली. सगळ्या पावत्या, कर्जाचा करार आणि बायोप्सीचा अहवाल मी जोडला आहे, आणि सर्वांत वर त्यांनीच छापून दिलेला तो चित्राचा कागद ठेवला आहे.