लाल चकतीचा टायमर: अभ्यासाला बसणाऱ्या मुलांसाठी जरूर घ्या, पण नुसता हातात देऊ नका

पांढऱ्या तबकडीवर लाल चकती. मधली खुंटी फिरवून साठ मिनिटांपर्यंत हवी तेवढी वेळ लावायची. वेळ सरेल तसा लाल भाग आक्रसतो आणि संपला की टायमर वाजतो. पेन्सिल सेलवर चालतो. ऑनलाइन मागवला, अमळनेरला घरपोच आला.

मी शिक्षिका आहे आणि माझी मुलगी सहावीत. पाढे तोंडपाठ, पण दप्तर भरायला बसली की कंपासपेटीतच रमते. अशा मुलांना आपण सर्रास आळशी ठरवतो, ते मला मुळीच पटत नाही. कामाचा क्रम लावणं, सांगितलेलं डोक्यात धरून ठेवणं, मोह आवरणं, याला एक्झिक्युटिव्ह फंक्शन म्हणतात. ते ज्याच्यावर अवलंबून असतं तो मेंदूचा पुढचा भाग विशी-पंचविशीपर्यंत पक्व होत राहतो. शाळेच्या वेळापत्रकात याचा तास नसतो, आणि अकरा वर्षांच्या पोरीला मात्र ते आपसूक यावं असं आपण धरून चालतो.

घड्याळ तिला वाचता येतं. पण पावणेसातपासून सव्वासातपर्यंत किती वेळ आहे, यासाठी मनात हिशोब करावा लागतो. इथे उरलेला वेळ सरळ दिसतो. सासूबाई स्वयंपाकघरातून विचारतात, "कितला टाईम शे आते?" मुलगी मान वर करून सांगते, "अर्ध्याहून कमी, आजी."

नुसता टायमर लावून दिला तर मुलं घाईघाईत गिचमिड करून मोकळी होतात. म्हणून आमच्याकडे आधी अंदाज. किती वेळ लागेल ते तिने वहीच्या समासात लिहायचं, काम झाल्यावर खरा लागलेला वेळ शेजारी. नकाशात नद्या भरायला तिने दहा मिनिटं धरली होती. तापी, गिरणा आणि पांझरा काढण्यातच ती सरली. कोणी रागावलं नाही. पुढच्या नकाशाला तिने पंचवीस धरली आणि बसण्याआधी रंगपेन्सिलींना टोक करून ठेवलं. टोक करून ठेवायला मी सांगितलं नव्हतं. मला त्याचा फार आनंद झाला, कारण पुढचं पाहून तयारी करणं ते हेच.

उणिवाही आहेत. आवाज कर्कश आहे आणि कमी करायची सोय नाही. बिचकणाऱ्या मुलांना आधी एकदा वाजवून दाखवा. पाच मिनिटांच्या आतली वेळ नेमकी लागत नाही. वर्गात मागच्या बाकावरून चकती दिसत नाही, त्यामुळे गटकामातच वापरते. काही मुलांना आक्रसणारा लाल रंग पाहून धडकी भरते. त्यांना परीक्षेच्या सरावाला लावू नका, चित्र काढण्यासारख्या आवडीच्या कामापासून सुरुवात करा.

मोबाइलमध्ये टायमर फुकट असतो हे खरं, पण वेळ बघायला फोन हातात घेतला की अभ्यास तिथेच संपतो. या टायमरमध्ये बघण्यासारखं दुसरं काहीच नाही, म्हणून पैसे वसूल.

पाचपैकी चार. मराठीच्या धड्याला मुलगी आता तो लावतही नाही, अंदाज बरोबर येतो. गणिताला अजून लागतो.