टेन्स घ्यावी का पीईएमएफ? हाडाच्या ऑपरेशननंतर पाय ठणकणाऱ्यांसाठी

टाके निघाले, गोळ्या कमी झाल्या अन् रात्री पाय ठणकते, अशा टाइमले फिजिओवाले दोन मशीनची नावं घेतात. एक टेन्स म्हणजे कातडीवर पॅड लावून हलका करंट देणारी, दुसरी पीईएमएफ म्हणजे चुंबकीय लहरीवाली. माह्या नडगीत रॉड आहे, म्या दोन्ही लावून पाहिल्या.

टेन्सचं काम लगेच समजते. पॅड चिकटवले, बटन फिरवलं का मुंग्या येतात अन् त्यांच्यापुढं दुखणं मागं पडते. मेलझॅक अन् वॉल या शास्त्रज्ञांनी 1965 मध्ये मांडलेल्या गेट थिअरीनुसार मुंग्यांच्या सिग्नलनं मज्जारज्जूतच दुखण्याची वाट अडते. हजार-दोन हजारात येते, बॅटरीवर चालते, लाइट गेली तरी टेन्शन नाही.

पण राजेहो, ते पॅड! आपल्याकडचा मे महिना, अकोला-चंद्रपूरकडं पारा 45 च्या वर, घरात कूलरची ओली हवा, पाय घामानं चिपचिपा, अन् त्यावर ते जेलचे पॅड टिकतील तरी कसे? एक कोपरा उचलला का सारा करंट उरलेल्या जागेत सुईवानी टोचते, दचकून बटन बंद करा, पाय पुसा, पुन्हा लावा, चिकटपट्टी मारा, अन् काढताना नडगीचे केस उपटतात ते वेगळंच. जखमेवर लावता येत नाही, आजूबाजूले जागा शोधा. नवे पॅड गावात भेटत नाहीत.

पीईएमएफची रिंग पायजम्यावरूनच चढवायची. लहरी कापडातून, पट्टीतून, प्लास्टरमधूनही जातात. जाणवत मात्र काहीच नाही, मशीन चालू आहे हे मायले शेवटपर्यंत खरं वाटलं नाही. अमेरिकेत औषधं-मशीन तपासणाऱ्या सरकारी एफडीएनं 1979 मध्ये परवानगी दिली ती न जुळणाऱ्या हाडासाठी, अन् दुखण्यावरच्या अभ्यासांत कुठं फायदा दिसला, कुठं नाही. म्हणून दुखणं गायबच होते असं म्या म्हणणार नाही. मले झोप बरी लागू लागली, आता ते मशीननं का दिवस गेल्यानं, देव जाणे.

पीईएमएफचा भाव टेन्सच्या कितीतरी पट, म्हणून विकत घेऊ नका, फिजिओकडून भाड्यानं भेटते का पहा. माही पीईएमएफ लाइट गेली का बंद, तरी मले तीच परवडली. थंडीत ऑपरेशन झालं असेल अन् कातडी कोरडी असेल तर टेन्सही चालून जाईल बहुतेक. पेसमेकर असेल किंवा बाई गरोदर असेल तर डॉक्टरले विचारल्याशिवाय दोन्हीले हात लावू नका, अन् रॉड-प्लेट कशाची आहे हेही त्यांनाच विचारून घ्या.