ग्राफिक्स कार्ड: वरच्या स्लॉटमध्ये की खालच्या?

बी५५० चिपसेटच्या (चिपसेट म्हणजे मदरबोर्डवरील जोडण्या सांभाळणारी चिप) बहुतेक मदरबोर्डांवरील दोन लांब स्लॉट दिसायला सारखेच असतात. पण वरचा थेट प्रोसेसरला जोडलेला असून योग्य प्रोसेसर असल्यास त्याला पीसीआय एक्सप्रेस (कार्डे जोडण्याची प्रमाणित पद्धत) ४.० च्या १६ लेन, म्हणजे डेटा वाहून नेणाऱ्या वाटा, मिळतात, तर खालच्याला बहुधा चिपसेटमार्फत ३.० च्या ४ लेनच मिळतात. म्हणजे एका दिशेने सेकंदाला वरच्या स्लॉटमध्ये सुमारे ३१.५ जीबी, तर खालच्यात जेमतेम ३.९ जीबी, आणि चिपसेटपासून प्रोसेसरपर्यंतची ती वाटही यूएसबी, नेटवर्क इत्यादींबरोबर वाटून घ्यावी लागते.

कार्डाची स्वतःची मेमरी अपुरी पडली, की हा फरक सर्वाधिक जाणवतो, कारण मग टेक्श्चर (गेममधील पृष्ठभागांवरची चित्रे) वारंवार मुख्य रॅममधून आणावे लागतात आणि गेम अडखळू लागतो. त्यामुळे ४ जीबीचे कार्ड खालच्या स्लॉटमध्ये बसवणे मला सर्वथा अयोग्य वाटते.

खालच्या स्लॉटमुळे प्रोसेसरच्या कूलरभोवती जागा मोकळी राहते हे खरे. मात्र तिथे कार्डाचे पंखे पॉवर सप्लायच्या आवरणाजवळ येऊन त्यांना हवा कमी मिळते. कॅप्चर कार्ड (बाहेरचा व्हिडिओ संगणकात घेणारे) किंवा नेटवर्क कार्डासाठी तो स्लॉट उत्तम आहे.

प्रत्यक्ष किती लेन मिळाल्या हे जीपीयू-झेड या ग्राफिक्स कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये दिसते. तपासताना कार्डावर भार असावा, अन्यथा वीज वाचवण्यासाठी जोडणीचा वेग उतरलेला आढळतो.