चौदाव्या मजल्यावरची दोरी : उंचीच्या भीतीवरचे उपचार, सात महिन्यांनंतर

नव्या घराचा ताबा मिळाला तेव्हा सगळे वाऱ्याचं कौतुक करत होते आणि मी हॉलच्या भिंतीला पाठ लावून उभा. पुढची दोन वर्षं बाल्कनीतले कपडे बायकोनेच वाळत घातले. पाहुण्यांना मी सांगायचो, मला चक्कर येते. चक्कर कसली! पाय लटपटायचे, तळहात ओले व्हायचे, कठडा आपल्याला ओढतोय असं वाटायचं.

एका डॉक्टरांनी आधी गोळ्या दिल्या. झोप झकास लागली, बाल्कनी होती तिथेच राहिली. मग मानसोपचाराची वाट धरली. मॅडमनी पहिल्याच दिवशी भीतीची शिडी लिहून घेतली. शंभरपैकी गुण मी द्यायचे. स्टुलावर चढून पंखा पुसणं २०, स्टेशनच्या पादचारी पुलावर मधोमध थांबणं ४५, मॉलमधली काचेची लिफ्ट ६०, बाल्कनीत कपडे वाळत घालणं ८५, रायगडाचं टकमक टोक १००. खालून सुरुवात करायची आणि घाबरलो तरी पळायचं नाही. पळालं की मेंदू समजतो, पळालो म्हणूनच वाचलो.

पुलावर महिनाभर गेलो तरी आकडा चाळिसाखाली येईना. तेव्हा मॅडमनी विचारलं, "तिथे हात कुठे असतात?" कठड्यावर, घट्ट. नजर समोरच्या इंडिकेटरवर, तोंडात रामरक्षा. म्हणजे मी पुलावर थांबत होतो ते आधार धरून, आणि श्रेय सगळं आधाराला जात होतं. हात खिशात घालून उभा राहिलो त्या दिवशी आकडा सत्तरवर गेला. दोन आठवड्यांत पंचविसावर आला. (रामरक्षा घरी म्हणतो.)

उंचावर डोलल्यासारखं का होतं, तेही तिथेच समजलं. तोल सांभाळताना डोळे जवळच्या वस्तूंचा आधार घेतात. समोर सगळंच लांब असलं की शरीराचा बारीक हेलकावा त्यांना टिपता येत नाही, आणि शरीर खरंच जास्त हलतं. म्हणजे माझं सगळंच मनाचे खेळ नव्हते.

मधे व्हीआर हेडसेटही (डोळ्यांवर चढवला की समोर आभासी उंची दिसते) लावून पाहिला. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१८ मध्ये १०० जणांवरची चाचणी प्रसिद्ध केली, तिच्यात व्हीआर वापरणाऱ्यांची भीती सरासरी ६८ टक्के उतरली होती. मला मात्र वीस मिनिटांत मळमळायचं, चष्म्यावर वाफ धरायची. पूल आणि काचेची लिफ्ट यांच्यामधली एक पायरी म्हणून ठीक. विकत घेऊ नका.

खर्च टोचतो. बैठकीला १,५०० रुपये, विम्यातून दमडी नाही.

आता रविवारचे कपडे माझ्याकडे. परवा एक चिमटा निसटला आणि कुठे पडला ते बघायला मी वाकलो, तर आतून बायको ओरडली, "अहो, मागे व्हा!" आकडा तेव्हा तीसच्या आसपास असेल. वादळी वाऱ्याच्या दिवशी अजून पन्नासच्या पुढे जातो, तेव्हा कपडे आत स्टँडवर. टकमक टोक यादीत तसंच आहे. पावसाळा संपू दे.