सूर्यफूल कुलाचं वर्गीकरण: हरितलवकाचा पुरावा घ्यावा की केंद्रकाचा?

सूर्यफूल कुलातली एखादी प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) नव्याने तपासायला घेतली की डीएनए वापरायचा हे हल्ली ठरलेलंच असतं. खरा प्रश्न कुठला डीएनए घ्यायचा हा आहे. हरितलवकाचा (पेशीतल्या अन्न बनवणाऱ्या हिरव्या कणाचा, क्लोरोप्लास्टचा) डीएनए वेगळा, पेशीच्या केंद्रकातला वेगळा, आणि दोघांची साक्ष दर वेळी जुळतेच असं नाही. या कुलात तर ती वारंवार जुळत नाही. प्रबंधासाठी किंवा एखाद्या छोट्या प्रकल्पासाठी यांतून निवड करायची आहे, अशांसाठी हे लिहितो आहे.

नुसत्या बाह्य रूपावर का भागत नाही, ते आधी थोडक्यात. आपण ज्याला सूर्यफुलाचं एक फूल म्हणतो तो अनेक बारीक पुष्पकांचा स्तबक असतो. पंचवीस हजारांहून जास्त जातींच्या या कुलात सगळ्यांची मांडणी मुळात हीच. त्यामुळे किरण पुष्पकांचा (कडेच्या, पाकळीसारख्या दिसणाऱ्या पुष्पकांचा) रंग किंवा फळावरच्या केसांची ठेवण अशी लक्षणं वेगवेगळ्या शाखांत पुन्हापुन्हा उगवतात आणि नाहीशीही होतात. ॲस्टरचंच पाहा. उत्तर अमेरिकेतल्या कितीतरी जाती दिसायला युरोप-आशियातल्या ॲस्टरसारख्या, म्हणून वर्षानुवर्षं त्याच नावाखाली राहिल्या. डीएनए तपासल्यावर त्या एरिजेरॉन या वेगळ्या प्रजातीच्या जवळच्या निघाल्या. आज त्यांतल्या बहुतेक सिम्फायोट्रायकम, युरिबिया अशा प्रजातींत मोडतात.

हरितलवकाच्या पुराव्याने या कुलात केलेलं सर्वांत मोठं काम १९८७ सालचं. जॅन्सन आणि पामर यांना हरितलवकाच्या डीएनएतला सुमारे २२ हजार अक्षरांचा (ए, सी, जी, टी या घटकांचा) एक तुकडा उलटा बसलेला आढळला. हा उलटा तुकडा जवळपास सगळ्या कुलात आहे, फक्त बार्नाडेसिया ही प्रजाती आणि तिच्या दक्षिण अमेरिकी नातेवाइकांत नाही. इतका मोठा तुकडा नेमक्या त्याच दोन ठिकाणी तुटून दोनदा उलटा बसणं जवळपास अशक्य. म्हणजे तो एकदाच, ही मंडळी वेगळी झाल्यावर उलटला, आणि ती कुलाच्या अगदी बुडाशी वेगळी झालेली शाखा आहे. तोवर त्यांना म्युटिसियाच्या गटात बसवलं जायचं. १९९२ मध्ये त्यांचं स्वतंत्र उपकुल झालं. पुढे पॅनेरो आणि फंक यांनी हरितलवकाच्याच जनुकांवरून उपकुलांची मांडणी बरीच बदलली.

तेव्हा प्रश्न खोलवरच्या फांद्यांचा असेल तर हरितलवक भरवशाचं. पानात त्याच्या प्रती भरपूर असतात. तो सहसा मातेकडूनच येतो, त्यामुळे दोन पालकांच्या डीएनएची सरमिसळ होत नाही आणि वाचायला सोपा जातो. अडचणही इथेच आहे: तो फक्त आईकडचीच गोष्ट सांगतो. शेजारी वाढणाऱ्या दोन जातींचा संकर झाला आणि त्याची पिढ्यानपिढ्या एकाच पालकाशी पुन्हा जुळणी होत राहिली, तर झाड दिसायला एका जातीचं आणि हरितलवक दुसरीचं, असं होतं. खुद्द सूर्यफुलाच्या प्रजातीत हे दिसलेलं आहे. शिवाय नुकत्याच फुटलेल्या जातींत हरितलवकाचे क्रम इतके सारखे असतात की फांद्या सुटतच नाहीत.

केंद्रकाच्या बाजूने स्वस्त आणि रुळलेला पर्याय म्हणजे आयटीएस, रायबोसोमच्या जनुकांमधला साधारण साडेसहाशे अक्षरांचा पट्टा. बाल्डविन यांनी १९९२ मध्ये तो याच कुलात वापरून दाखवला. पेशीत त्याच्या असंख्य प्रती असल्याने जुन्या, वाळलेल्या नमुन्यातूनही तो बहुधा मिळतो. हवाईतल्या सिल्व्हरस्वॉर्ड या याच कुलातल्या गटाचं उदाहरण मला फार आवडतं. एकाच गटात चंदेरी पानांचे झुबके, झुडपं आणि चक्क वृक्ष. त्यांचं मूळ कॅलिफोर्नियातल्या टारवीड नावाच्या वनस्पतींमध्ये आहे, असं १९९१ मध्ये हरितलवकाने सांगितलं आणि नंतर आयटीएसनेही तेच सांगितलं. दोन स्वतंत्र साक्षीदार असे जुळले की मन निश्चिंत होतं.

मात्र आयटीएसचा क्रोमॅटोग्राम (डीएनए वाचनाचा रंगीत शिखरांचा आलेख) स्वतःच्या डोळ्यांनी बघा, सॉफ्टवेअरवर सोडू नका. एखाद्या जागी निळ्या शिखराच्या पोटात तेवढंच उंच लाल शिखर दिसतं: काही प्रतींत सी, काहींत टी. पुष्कळजण ते खराब वाचन म्हणून बाजूला टाकतात. अशी दुहेरी शिखरं बऱ्याच जागी असतील आणि बाकी वाचन स्वच्छ असेल, तर बहुधा दोन्ही पालकांच्या प्रती अजून शाबूत आहेत. याच्या उलटही होतं. काळाच्या ओघात सगळ्या प्रती एकसारख्या होत जातात आणि एका पालकाची खूणच पुसली जाते. मग संकर असूनही आयटीएस त्याबद्दल गप्प बसतो.

संपूर्ण हरितलवक जीनोमचा (त्यातल्या सगळ्या डीएनएचा) मोह हल्ली सगळ्यांना होतो. दीड लाख अक्षरं, प्रत्येक फांदीला आकडेमोडीत शंभर टक्के आधार! पण अक्षरं कितीही वाढली तरी साक्षीदार एकच राहतो. जातींच्या पातळीवरच्या प्रश्नासाठी नुसत्या त्यावर नवी नावं देणं मला पटत नाही.

पैसे आणि संगणकाची ताकद असेल तर केंद्रकातली निवडक जनुकं पकडण्याची पद्धत सर्वांत सरस. या कुलासाठी १०६१ जनुकांचा तयार संच २०१४ पासून आहे. २०१९ मध्ये त्यावरून अख्ख्या कुलाचा वंशवृक्ष उभा राहिला आणि कुलाचा उगम सुमारे ८.३ कोटी वर्षांपूर्वीचा निघाला. डीएनएचे तुकडे झालेले जुने नमुनेही चालतात, आणि हरितलवकाचे बरेच क्रम ओघाने हाती लागतात. डोकेदुखी आहे ती जनुकांच्या जुळ्या प्रतींची. या कुलाच्या पूर्वजांत अख्खा जीनोम वाढण्याच्या घटना घडलेल्या आहेत, त्यामुळे समोरची प्रत नेमकी कुठली हे तपासण्यातच बराच वेळ जातो.

गुणसूत्रं मोजणं कोणत्याही पर्यायात टाळू नका. सूर्यफुलात ती ३४, तर त्याच्या कंद देणाऱ्या भावंडात, जेरुसलेम आर्टिचोकमध्ये, १०२. हा षड्गुणित (गुणसूत्रांचे सहा संच असलेला) आर्टिचोक २०१४ मध्ये सूर्यफुलाच्याच प्रजातीतल्या चतुर्गुणित (चार संचांच्या) हिर्सुटस आणि द्विगुणित (दोन संचांच्या) ग्रोसेसेराटस या जातींच्या संकरातून आलेला ठरला. हिशेबही जुळतो: प्रत्येक पालकाकडून निम्मी, म्हणजे ३४ आणि १७ मिळून ५१, आणि त्याची दुप्पट १०२. मोजणीच नसती तर असा संकर शोधायचं सुचलं तरी असतं का?

माझा कौल असा. निधी तुटपुंजा असेल तर आयटीएस, जोडीला त्याच्याच शेजारचा ईटीएस पट्टा आणि हरितलवकाचे एक-दोन भाग. निधी असेल तर थेट १०६१ चा संच. दोन्ही वेळा केंद्रकाचा वृक्ष वेगळा काढा, हरितलवकाचा वेगळा, आणि जुळतात का हे पाहण्याआधी दोन्हींची माहिती एकत्र करू नका. जी जाती दोन वृक्षांत दोन ठिकाणी बसते, तिचे आणखी नमुने दुसऱ्या ठिकाणांहून आणा.

आणि पान सिलिका जेलमध्ये टाकताना त्याच रोपाचा दाबलेला नमुना हर्बेरियममध्ये (वाळलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) ठेवा, एक स्तबक उभा चिरून. पुढे कुणाला नावाबद्दल शंका आली तर निदान ती पुष्पकं भिंगाखाली बघता येतील.